गड चढल्यानंतरच्या रात्री

व्यायाम करताना पाय दुखणे आणि व्यायाम आटोपून निवांत झोपलेले असताना पोटरीत गोळा येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला साठी ओलांडल्यावर कळले. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यानंतर आमच्या काही मैत्रिणींचा गट जमला आणि रविवारी सिंहगड चढण्याचा नेम सुरू झाला. पहाटेची पीएमपीची बस, आतकरवाडीतून पायवाटेने चढण, पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर मडक्यातले दही, आणि उन्हे तापायच्या आत परत खाली, असा तो क्रम असे. चढताना धाप लागे, उतरताना मांड्या थरथरत, पण पोटऱ्यांची अशी काही तक्रार नसे. ती उपटायची त्याच रात्री, दोन-तीनच्या सुमारास, आणि कधी कधी सोमवारच्या रात्रीही.

गोळा येण्याआधी क्षणभर चाहूल लागते. कूस बदलताना किंवा आळस देताना पाऊल नकळत खाली ताणले जाते, पोटरीच्या आतल्या बाजूला काहीतरी वळवळते, आणि आपण पुरते जागे होण्याआधीच स्नायू आवळला गेलेला असतो. दिवा लावून पाहिले तर कातडीखाली एका बाजूला स्पष्ट उंचवटा दिसतो, तो बोटांनी दाबला तरी आत जात नाही, अंगठा खाली वळलेला असतो आणि शेजारचे बोट त्याच्यावर चढून बसलेले असते. सुरुवातीला मी ओरडतच उठत असे आणि यजमान घाबरून तेलाची बाटली शोधू लागत. चोळल्याने बरे वाटते, परंतु गोळा सुटतो तो ताणल्याने. गुडघा सरळ ठेवून चवडा हातात धरायचा आणि पाऊल नडगीच्या दिशेने हळूहळू, झटका न देता, वर ढकलून अर्धा मिनिट तसेच धरून ठेवायचे. "अहो, चोळणे राहू द्या, आधी पाऊल वर ढकला," हे वाक्य आमच्या घरात आता इतके रुळले आहे की ते अर्ध्या झोपेतही बरोबर तेवढेच करतात. घरात कोणी नसेल तर मी पलंगाच्या कडेला बसते, पूर्ण जागी झाल्याची खात्री करते आणि मगच भिंतीचा आधार घेऊन टाच जमिनीला टेकवते. अंधारात एका पायावर उड्या मारत पडण्याची भीती आमच्या वयात गोळ्यापेक्षा मोठी असते.

दुखणे मिनिटाभरात ओसरले तरी त्याचा माग दोन दिवस राहतो. जिना उतरताना पोटरी आतून ठणकते आणि मनुष्य थोडा लंगडतो. सोसायटीत कोणी विचारले की मी खरे सांगत असे, आणि मग उपायांचा पाऊस पडे. शिरेवर शीर चढली आहे, तिळाचे तेल कोमट करून जिरवा. रोज केळे खा. मीठ-साखरेचे पाणी प्या. कॅल्शियम कमी पडते आहे, गोळ्या सुरू करा. आणि सर्वांचा मिळून एकच अंतिम सल्ला, की या वयात गड हवाच कशाला. शेवटचा सल्ला मला मान्य होण्यासारखा नव्हता. गड सोडायचा नसेल तर गोळे का येतात हे नीट पाहणे भाग होते.

मीठ-पाण्याचा सिद्धांत सर्वांच्या तोंडी आहे आणि तो जुनाही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या खोल आणि उष्ण कोळसा खाणींत काम करणाऱ्या मजुरांना घामाने निथळत असताना जबरदस्त वांब, म्हणजे स्नायूंचे गोळे, येत, आणि नुसते पाणी प्याल्याने ते वाढत; पाण्यात थोडे मीठ घातल्यावर त्यांना आराम पडला, असे मॉस नावाच्या संशोधकाने १९२३ साली नोंदवले होते. तासन्‌तास उष्णतेत राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे खरेच आहे. माझ्या बाबतीत मात्र ते कोठेतरी अडत होते. रक्तातले क्षार कमी झाले असतील तर ते सगळ्या शरीरात कमी व्हायला हवेत, मग गोळा नेमका चढणीत राबलेल्या पोटरीतच का येतो, दंडात किंवा पाठीत का येत नाही? आणि पाऊल वर ढकलताच तो सुटतो, तेव्हा तेवढ्या वेळात रक्तात मिठाचा कणही वाढलेला नसतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक मार्टिन श्वेल्नस यांनी १९९७ साली मांडलेले स्पष्टीकरण मला अधिक पटले. स्नायू थकला की त्याला आवळायला सांगणारे संदेश वाढतात आणि सैल सोडायला सांगणारे संदेश क्षीण होतात. त्यात तो स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल तर थोडेसे चेतवले तरी आवळला जातो आणि सुटत नाही. अंथरुणात पाऊल खाली झुकलेले असते, म्हणजे पोटरी आखूडच असते. पांघरूण जड असले किंवा गादीखाली घट्ट खोचलेले असले तर ते पाऊल आणखी खाली दाबते. वयाबरोबर स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी कमी होतात, स्नायू बारीक होतात, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा ताठर होते, आणि दिवसभर खुर्चीत बसण्याची सवय असेल तर पोटरी कधी पूर्ण लांबीला ताणलीच जात नाही. मी कितीतरी वर्षे काउंटरमागे बसून काढली आहेत. हे वर्णन माझेच होते.

तरीही आधी डॉक्टरांना दाखवले, आणि ते केले याचे समाधान आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दुखणे चालताना येते की नंतर, हा. मग दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी चाचपली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून तुलना केली, पायाला सूज किंवा फुगलेल्या शिरा आहेत का ते पाहिले आणि तळव्याची संवेदना तपासली. एकाच पायाला अचानक सूज, उष्णता आणि लाली आली तर तो गोळा आहे असे समजून चोळत बसायचे नाही, ती शिरेतली गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी दाखवायचे, हे त्यांनी बजावून सांगितले. रक्ताच्या तपासण्या झाल्या त्यात साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचा समावेश होता.

सगळे ठीक होते, फक्त पोटॅशियम ३.४ आले; प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा ३.५ छापलेली होती. डॉक्टरांनी माझ्या औषधांची पुरचुंडी टेबलावर ओतायला लावली आणि रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावरचे बारीक अक्षर वाचून मान हलवली. त्या एका गोळीत दोन औषधे होती आणि त्यातले एक लघवी वाढवणारे होते. अशा औषधांनी पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही बाहेर जाते, आणि उतारवयात गोळे येण्याशी त्यांचा संबंध आढळलेला आहे. दम्याचे काही दीर्घकाळ परिणाम करणारे फवारे आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या यांचेही नाव त्या यादीत येते. त्यांनी गोळी बदलून दिली, रक्तदाबाची नोंद रोज वहीत ठेवायला सांगितली आणि काही आठवड्यांनी पोटॅशियम पुन्हा तपासले, तेव्हा ते मर्यादेत आले होते. गोळी बदलण्याचे काम डॉक्टरांचे. आपल्याला शंका आली म्हणून रक्तदाबाचे औषध मनाने बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. आमच्या गटातल्या एका ताईंनी तो खेळ केला होता, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गोळी बदलल्यावर रात्रीचे गोळे कमी झाले, थांबले नाहीत. उरलेले काम फिजिओथेरपिस्टकडे झाले. ती माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, बोलायला गोड आणि व्यायाम करून घेण्यात कडक. तिने आधी मला भिंतीसमोर उभे केले, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायला सांगितला आणि अंगठा भिंतीपासून किती दूर ठेवता येतो ते पट्टीने मोजले. डावा पाय बरा होता. उजव्याचा अंगठा भिंतीच्या अगदी जवळ आणल्याशिवाय गुडघा टेकेना, आणि माझे बहुतेक गोळे उजव्याच पायात येत. नंतर एका पायावर उभे राहून टाच पूर्ण उचलायला लावले. डाव्यावर जमले, उजव्यावर तीन-चार वेळांनंतर टाच अर्ध्यातच लटपटू लागली. "काकू, तुम्ही गड चढता तो मांड्यांच्या जोरावर," ती म्हणाली, "पोटरीला आठवडाभर सुट्टी आणि रविवारी एकदम दोन तासांची शिक्षा, मग ती रात्री भांडणारच ना!"

तिने दिलेले व्यायाम दिसायला अगदीच साधे आहेत. भिंतीवर हात टेकून एक पाय मागे घ्यायचा, मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली आणि पावले नाकासमोर सरळ ठेवून पुढे झुकायचे, आणि पोटरीत ताण जाणवेल तेथे अर्धा मिनिट थांबायचे. मग तीच स्थिती ठेवून मागचा गुडघा किंचित वाकवायचा. पोटरीत दोन मोठे स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला जोडलेला असतो आणि आतला गुडघ्याच्या खाली, त्यामुळे सरळ गुडघ्याने वरचा ताणला जातो आणि वाकलेल्या गुडघ्याने आतला. हा दुसरा भाग बहुतेक जण गाळतात, आणि माझा आखडलेला होता तो नेमका तोच. नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरील ऐंशी माणसांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात झोपण्यापूर्वी सहा आठवडे रोज पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणणाऱ्यांचे गोळे, न ताणणाऱ्यांच्या मानाने, संख्येने आणि तीव्रतेने कमी झाले. माझ्याकडे हे ताणणे दात घासण्याला जोडलेले आहे. बेसिनसमोर उभी राहते, दोन्ही पाय होतात, आणि मग झोपते.

ताणण्याइतकेच महत्त्वाचे ठरले ते पोटरीला बळ देणे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवून, कठडा धरून, दोन्ही टाचा वर उचलायच्या आणि मग तीन-चार आकडे मोजत पायरीच्या पातळीखाली सोडायच्या. सुरुवातीला दोन्ही पायांनी, आणि काही आठवड्यांनी वर दोन्ही पायांनी जायचे व खाली एकाच पायावर यायचे. पहिल्या दिवशी उत्साहाने जास्त करू नका असे तिने सांगितले होते, कारण लांब होत असताना काम करणाऱ्या स्नायूला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणका लागतो. गड उतरून आल्यावर मांड्या दुखतात त्याचे कारणही हेच. तो ठणका आणि गोळा यांत गल्लत करू नये. ठणका दाबल्यावर, हालचाल केल्यावर जाणवतो आणि आपोआप विरतो. गोळा न सांगता येतो आणि त्या क्षणी दुसरे काही सुचू देत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत वेताळ टेकडीवर एक-दोन फेऱ्या ठेवल्या आणि रविवारचा धक्का एकदम बसेनासा झाला. भिंतीपाशी उजव्या पायाचे अंतर हळूहळू वाढून डाव्याच्या जवळ आले, तेव्हा रात्रीचे गोळेही विरळ झाले होते.

पाण्याचा हिशोब मी स्वतः केला. चढाईला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर, घाम पुसून, शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करायचे. वजनात आलेल्या घटीत मध्ये प्यालेले पाणी आणि खाल्लेले मिळवायचे. त्या बेरजेतला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. हिवाळ्यात माझा घाम जेमतेम अर्धा लिटर भरे, एप्रिलमध्ये तो दीड लिटरच्या घरात जाई, आणि गोळेही उन्हाळ्यातच जास्त येत. एका लिटर घामात माणसागणिक साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जाते, पोटॅशियम मात्र थोडेच जाते. म्हणून केळे हा गोळ्यावरचा तातडीचा इलाज होऊ शकत नाही. केळ्यातले पोटॅशियम पचून रक्तात पोहोचेपर्यंत गोळा कधीच सुटून गेलेला असतो. केळे खावे ते भुकेसाठी. रक्तदाब असलेल्या मला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगितले आहे, त्यामुळे लोक सांगतात तसे येता-जाता मीठ-साखरेचे पाणी पिणे बसत नव्हते. डॉक्टरांशी बोलून तोडगा निघाला तो असा, की हिवाळ्यात साधे पाणी, आणि कडक उन्हाच्या दिवसांत गडावर एक ताक किंवा मीठ घातलेले लिंबू सरबत, तेही घाम निथळला असेल तरच. एका झटक्यात दोन बाटल्या रिचवण्यापेक्षा वाटेत थांबत थांबत घोटभर पिणे शरीराला मानवते.

लोणच्याच्या खाराबद्दल थोडे सांगायलाच हवे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विजेच्या साहाय्याने मुद्दाम पायात गोळा आणवला आणि लोकांना काकडीच्या लोणच्याचे खारट-आंबट पाणी पाजले, तेव्हा साध्या पाण्याच्या मानाने गोळा लवकर सुटला. रक्तातले क्षार मात्र तेवढ्या वेळात बदललेले नव्हते. म्हणजे घशाला बसलेल्या त्या खारट-आंबट चवीच्या झटक्यानेच मज्जासंस्था स्नायूला सोडायला सांगत असावी, असा तर्क संशोधकांनी केला. आमच्याकडच्या तेलकट लोणच्याचे ते काम नव्हे, पण उन्हात मुरलेल्या बिनतेलाच्या लिंबाच्या लोणच्याचा खार घरात होता. एका रात्री अर्धा चमचा जिभेवर ठेवून पाहिला. गोळा सुटला, पण मी त्याच वेळी पाऊलही वर ढकलत होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे ठरले नाही. आणि तोंडाची चव पहाटेपर्यंत गेली नाही. मिठाचा विचार करता तो प्रयोग मी पुढे चालवला नाही.

औषधांच्या बाबतीत माझे मत कोरडे आहे. मॅग्नेशियमची पावडर भाच्याने परदेशातून आणून दिली होती. परंतु २०२० साली अद्ययावत झालेल्या कॉक्रेन आढाव्याने (अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या अहवालाने) वृद्धांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर तिचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता नाही असाच निष्कर्ष काढला आहे, आणि माझे रक्तातले मॅग्नेशियम तसेही पुरेसे होते. पूर्वी यासाठी क्विनीन देत, हे एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले. मलेरियावरचे हे औषध गोळे कमी करते, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी धोकादायकरीत्या घटवू शकते आणि हृदयाचा ठेका बिघडवू शकते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ सालीच पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असा इशारा दिला. कोणाच्या कपाटात जुनी पट्टी पडलेली असेल तर ती तशीच पडू द्यावी हे बरे.

चपलांचा आणि वाटेचाही वाटा आहे. पावसाळ्यात आतकरवाडीची वाट निसरडी होते, आणि उतरताना बुटाच्या आत पायाची बोटे नकळत जमीन धरू पाहतात. अशा दिवशी गोळा पोटरीऐवजी तळव्याच्या कमानीत येतो. घट्ट बांधणीचा, चांगली पकड असलेला बूट घेतल्यावर आणि काठी वापरायला लागल्यावर बोटांची ती धडपड कमी झाली. गडाच्या पायथ्याशी बस येईपर्यंत गप्पा मारत बसण्याऐवजी पाच मिनिटे सपाट रस्त्यावर हळू चालणे आणि पोटऱ्या ताणून घेणे ही सवय आता आम्ही सगळ्याजणींनी लावून घेतली आहे. बसथांब्यावर ओळीने भिंत ढकलत उभ्या असलेल्या बायका पाहून येणारे-जाणारे हसतात.

गटातल्या एका मैत्रिणीचे दुखणे मात्र माझ्या वाटेने सुटणारे नव्हते. तिलाही पोटरीत गोळा येतो असेच आम्ही धरून चाललो होतो, आणि माझे व्यायाम ती मनोभावे करत होती. पण तिचे दुखणे रात्री येत नसे. ठरावीक अंतर चालून झाले की येई, दोन मिनिटे उभे राहिले की जाई, आणि तेवढेच अंतर चालले की पुन्हा येई. डॉक्टरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न आठवून मी तिला आग्रहाने पाठवले. तिच्या घोट्यातला रक्तदाब दंडातल्या रक्तदाबाच्या मानाने बराच कमी भरला; पायाला रक्त नेणारी रोहिणी अरुंद झाली होती. तिला मधुमेह आहे, आणि अशा लोकांत हे जास्त आढळते. तिचे उपचार वेगळे आहेत, पण त्यात चालणे हाच मोठा भाग आहे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. ती आता गडाऐवजी आमच्या टेकडीच्या फेरीला येते.

माझ्यापुरते सांगायचे तर रविवारच्या रात्री आता बहुधा शांत जातात. पायाशी पांघरूण सैल सोडलेले असते आणि पाठीवर झोपताना पावले गादीच्या कडेबाहेर काढलेली असतात. मांडीचा मागचा भाग मात्र अजून ऐकत नाही. जेवणानंतर मांडी घालून बराच वेळ बसले आणि उठताना पाय मागे दुमडला की तेथे गोळा धरतो, आणि तो सोडवायला पोटरीसारखी हाताशी येणारी जागा नसते. पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टला त्याबद्दल विचारायचे आहे.